डाव्या काखेतला थर्मास

"परत लाल," रोसाना म्हणाली आणि तिने फोन टेबलावरून बापाच्या पुढ्यात सरकवला. "बघ बाबा. अख्खा एप्रिल लाल. हा एक दिवस तेवढा पिवळा दिसतोय, तोही चुकून आला असेल."

एल्बिओने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "कुठला पिवळा?"

"हा. मंगळवारचा."

"मंगळवारी मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. तुझ्या आईपाशी मिर्ता बसली होती. विचार तिला."

मिर्ता म्हणजे मी. यांची शेजारीण. आमच्या दोन स्वयंपाकघरांत एकच भिंत आहे, तीही पातळ. मी मान डोलावली आणि निबियाच्या मांडीवरचा बिस्कोचोचा चुरा झटकत राहिले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रोसाना मीनासहून बसने यायची, कोपऱ्यावरच्या बेकरीतून खाऱ्या-गोड बिस्कोचोंची पुडी आणायची, आणि ती सुटते न सुटते तोच बापाच्या मनगटावरच्या घड्याळाचा महिन्याचा आढावा काढून बसायची. किती चालला, किती झोपला, छाती कधी किती धडधडली, सगळं फोनवर रंगीत पट्ट्यांत उमटायचं. मला कुणी बोलावलेलं नसायचं. मी जायचे.

रोसाना वाईट मुलगी नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तुम्ही तिच्या नावाने बोटं मोडाल. निबियाला विसरण्याचा आजार जडून चार वर्षं झाली होती. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग लेकीचं नाव. एल्बिओ तिचं सगळं एकटा करायचा. फेब्रुवारीत तो बेकरीच्या रांगेत उभ्या उभ्या चक्कर येऊन पडला, तेव्हा रोसाना धावत आली आणि हे घड्याळ त्याच्या मनगटावर बांधून गेली. "आईला सांभाळता सांभाळता तू आधी जाशील," ती म्हणाली होती. "मग मी कुणाकुणाला सांभाळू?" ठरलं ते असं: तीन महिने घड्याळ घालायचं. बाप नीट झोपतोय, नीट चालतोय असं दिसलं तर आई घरीच राहील. नाहीतर आईला मोठ्या रस्त्यावरच्या वृद्धांच्या निवासात ठेवायचं. तिथे नर्सा आहेत, फाटकाला कुलूप आहे. एल्बिओ हो म्हणाला होता. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

मार्च लाल गेला होता. आता एप्रिलही.

"झोपेचं मी समजू शकते," रोसाना म्हणाली. "आई उठते, तू उठतोस. पण चालायचं काय? मला तर फोनवर सांगतोस, रोज समुद्राकाठच्या रस्त्यावर, रांब्लावर जातो, मासळीच्या दुकानांपर्यंत जाऊन येतो. घड्याळ म्हणतंय तू दिवसभर खुर्चीत बसून असतोस."

"घड्याळ खोटं बोलतंय."

"घड्याळ कशाला खोटं बोलेल, बाबा?"

"मला काय ठाऊक? समुद्राकाठी भर वाऱ्यात चालत असतो आम्ही, आणि ते मनगटावर गुरगुरतं. उठा म्हणतं, फार वेळ बसलात, जरा पाय मोकळे करा. मी त्याला म्हणतो, अरे बाबा, चालतोच आहे की."

मला हसू आलं. रोसानाला आलं नाही. रोज दुपारी ही दोघं माझ्या खिडकीसमोरून समुद्राकडे जातात हे मी शपथेवर सांगितलं असतं, पण माझ्या शपथेला घड्याळापुढे कोण विचारतो.

एल्बिओ मात्र त्या पिवळ्या पट्टीकडे बघत बसला होता. हा माणूस आयुष्यभर बसमध्ये पुढच्या दारापाशी बसून तिकिटं फाडत आला. एखादा उतारू तिकीट न काढता मागे सरकला तर त्याला मान न वळवता कळायचं. आत्ताही तसंच काहीतरी खटकल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"मंगळवारी थर्मास नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"औषधाच्या दुकानात थर्मास घेऊन कोण जातं? हात मोकळा होता."

तो उठला, थर्मास डाव्या काखेत दाबला, त्याच हातात माते नावाच्या चहाचा तुंबा धरला, आणि टेबलाभोवती चालू लागला. आमच्याकडे सगळेच असे चालतात. तुंब्यात कडू हिरवी पत्ती, तिच्यात धातूची नळी, काखेत कढत पाण्याचा थर्मास. डावा हात एकदा असा आवळला की घरी येईपर्यंत सुटत नाही. आणि घड्याळ होतं त्याच डाव्या मनगटावर. दोन फेऱ्या झाल्या तरी फोनवरचा आकडा हलेना. मग त्याने थर्मास खाली ठेवला, परेडला निघाल्यासारखे हात हलवत एक फेरी मारली, आणि आकडा भराभर वर चढला.

रोसाना हसली. अगदी मनापासून हसली, लहानपणी माझ्या अंगणात हसायची तशी. "चीनमध्ये बनवलंय ना ते," ती म्हणाली. "त्यांना काय माहीत आपली काख."

"मग उजव्या हातात घाल," मी म्हटलं.

"उजवा हात निबियाचा," एल्बिओ म्हणाला.

तेही खरंच होतं. ती त्याच्या उजव्या दंडाला असा काही विळखा घालून चालायची की तोही हात हलायचा नाही. त्यांनी पायात घालून पाहिलं, पट्टा पुरेना. मोज्यात खोचून पाहिलं, तर नाडी लागेना आणि घड्याळाने जाहीर केलं की आपल्याला कुणी घातलेलंच नाही. निबिया एवढा वेळ शांतपणे बघत होती. मध्येच म्हणाली, "बस यायची वेळ झाली का हो?"

"येईल इतक्यात," एल्बिओ म्हणाला.

रोसानाने डोळे पुसले, फोन उचलला आणि जरा विचार करून म्हणाली, "बरं. मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण अजून एक महिना आहे ना? हा मे महिना थर्मासशिवाय चाल. माते घरी घ्या, जाण्याआधी, आल्यावर, हवं तेवढं. मला पट्ट्या हिरव्या दाखव, मी परत निवासाचं नाव काढणार नाही."

यात अन्यायाचं काय होतं? काहीच नाही. पण एल्बिओ लगेच हो म्हणाला नाही. तो निबियाकडे बघत राहिला.

रोसाना गेल्यावर मी कुंपणावरून त्याला म्हटलं, "एवढा कसला विचार करतोस? घड्याळ मला दे. रविवारच्या बाजारात दोन चकरा मारते, तुझा अख्खा महिना हिरवागार करून देते."

"छत्तीस वर्षांत मी कुणाला खोटं तिकीट दिलं नाही, मिर्ता."

"अरे, ही तुझी बायको आहे, बस नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि आत गेला. मला राग आला. असल्या प्रामाणिकपणाचं लोणचं घालायचं का?

त्याला कसली धास्ती होती ते मला नंतर कळलं. निबिया लग्नाआधी हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि रोज सकाळी त्याच्याच बसने जायची. ड्रायव्हर आणि एल्बिओ मिळून माते प्यायचे. एकदा उभ्या असलेल्या या मुलीपुढे त्याने तुंबा धरला. तिने घेतला, प्यायली आणि परत दिला. मग ते रोजचं झालं. पोरगी पटवायला त्याने यापलीकडे काही केलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा. आता तिच्या डोक्यातून त्याचं नाव पुसलं गेलं होतं, लग्न पुसलं गेलं होतं, पण तो तुंबा पुढे धरायचा आणि ती घ्यायची.

मे महिना थंड होता; आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये सुरू होतो. थर्मासशिवाय पहिले काही दिवस बरे गेले. निबिया त्याचा दंड धरून निघायची, पण चालता चालता वाकून त्याच्या डाव्या बाजूला बघायची आणि म्हणायची, "आहे ना?" तो म्हणायचा, "घरी आहे." तिची दंडावरची पकड सैल पडायची. पट्ट्या पिवळ्या झाल्या, मग हिरव्या. त्याने येऊन मला फोन दाखवला. मी म्हटलं, "बघ, मी उगाच रागावले तुझ्यावर." तो खूश दिसत होता. इतका खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मग एका गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज त्याचा वाटेना. रांब्लावरच्या कठड्यावर त्याने निबियाला बसवलं होतं. बुटाची नाडी सुटली म्हणून तो वाकला, आणि उठला तर ती नव्हती.

मी होते तशी धावले, पायात घरातल्या सपाता. आम्ही दोघांनी सगळा किनारा पालथा घातला. दिसेल त्याला विचारलं. करडा कोट, पांढरे केस, एकटी म्हातारी बाई पाहिलीत का? पाव विकणारा म्हणाला नाही. मासे धरत बसलेली दोन माणसं म्हणाली नाही. कुत्रं फिरवणारी एक बाई म्हणाली, "करडा कोट? एक दिसल्या खऱ्या, पण त्या एकट्या नव्हत्या. नवऱ्याबरोबर होत्या."

"मग ती नाही," एल्बिओ म्हणाला आणि आम्ही उलट्या दिशेला पळालो.

शेवटी पोलिसांचा फोन आला. ती मासळीच्या दुकानांपाशी सापडली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती एका उंच, निळ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या दंडाला विळखा घालून उभी होती. त्याच्या डाव्या काखेत थर्मास होता. तुंबा तिच्या हातात होता आणि ती आरामात नळी ओढत होती.

"मी दार्दो," तो माणूस म्हणाला. तो बिचारा पार ओशाळला होता. "त्यांनी येऊन हात धरला हो. मला वाटलं, ओळखीच्या असतील, मलाच आठवत नसेल. या वयात खात्री कशाची द्यायची? माते दिलं. प्यायल्या, परत दिलं, मी पुन्हा भरलं. नाव विचारलं तर हसल्या. थांबू या म्हटलं तर थांबेनात. शेवटी चालता चालताच पोलिसांना फोन लावला."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्याच एका खोक्यावर बसले. एल्बिओ पुढे झाला, धापा टाकत, घामाघूम, दोन्ही हात रिकामे. "निबिया, चल घरी," तो म्हणाला.

निबियाने त्याच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे आपण पाहतो तसं, सभ्यपणे. आणि ती दार्दोला आणखी चिकटली.

एल्बिओने हात पुढे केला. तिने घेतला नाही. पोलीस समुद्राकडे बघू लागला. दार्दोला मात्र काहीतरी उमगलं असावं. त्याने काखेतला थर्मास काढला आणि एल्बिओच्या काखेत सरकवला. मग तिच्या हातातला तुंबा हळूच घेऊन त्याच्या हातात दिला. एल्बिओने पाणी ओतलं आणि तुंबा पुढे धरला. निबियाने दार्दोचा दंड सोडला, एल्बिओचा धरला, आणि नळी तोंडाला लावली.

परक्याच्या थर्मासने तो बायकोला घरी घेऊन आला. मी दोन पावलं मागे चालत होते. वाटेत घड्याळ गुरगुरलं, पण या खेपेला तो त्याला काही म्हणाला नाही.

"रोसानाला सांगू नकोस," मी दारात म्हटलं. "सापडली ना? संपलं मग."

"पहिल्या रविवारी ती पट्ट्या बघेल," तो म्हणाला. "आज छाती किती धडधडली ते तिला दिसेलच." आणि त्याने त्याच संध्याकाळी स्वतः तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत जाऊन दार्दोचा थर्मास धुऊनपुसून परत दिला.

जूनच्या पहिल्या रविवारी रोसाना आली तेव्हा मे महिना जवळजवळ सगळा हिरवा होता. मधली एकच पट्टी लाल होती, आणि तिच्याखाली ठोक्यांचा डोंगर. तिने फोन पालथा ठेवला. "मी शब्द दिला होता," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं करू, बाबा."

मला वाटलं, आता तरी हा माणूस आपल्या बाजूने बोलेल. एल्बिओ बराच वेळ बिस्कोचोच्या पुडीची दोरी बोटाला गुंडाळत बसला.

"ती घाबरली होती म्हणून वाईट नाही वाटत," तो म्हणाला. "घाबरली नव्हतीच. मजेत होती. या गावात प्रत्येक काखेत थर्मास आहे, रोसाना. पुढच्या वेळचा माणूस दार्दोसारखा असेल कशावरून?"

निबिया पुढच्या आठवड्यात निवासात गेली. सामान एवढंसं होतं. एल्बिओने तिची उशी मात्र दोनदा बदलली, आधी तिची दिली, मग ती परत आणून आपली देऊन आला. आता जुलैची गोष्ट काय सांगू? भिंतीपलीकडे भांडी वाजायची थांबली. मला फार वाईट वाटायचं, आणि करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी रोज सूप जास्त करायचे आणि उरलं म्हणून नेऊन द्यायचे.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी रोसाना आली. खरं म्हणजे आता आढाव्याची गरज नव्हती, पण सवयीने तिने फोन काढला, आणि सवयीने मी जाऊन बसले.

"बाबा," ती म्हणाली, "हिरवं. सगळं हिरवं." तिचा चेहरा उजळला. बोटाने ती पट्ट्या पुढे सरकवत गेली. "चालणं बघ तुझं. मी नाही चालत एवढी. आणि झोप... एक रात्रसुद्धा मोडलेली नाही. पडलास की थेट सकाळ."

माझ्या ओठांवर आलं होतं. त्याचा रेडिओ पहाटेपर्यंत चालू असतो, हे पातळ भिंतीमुळे मला रोज कळायचं. मी एल्बिओकडे पाहिलं.

"मी हलत नाही," तो म्हणाला. "आता हलायचं कशासाठी? नुसता पडून राहतो. घड्याळाला ती झोप वाटते."

रोसानाचं बोट थांबलं. मग तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. बिस्कोचोची पुडी तिने उघडलीच नाही. "आईकडे जाऊन येऊ या," ती म्हणाली.

आम्ही तिघं चालत निघालो. एल्बिओ मोकळ्या हातांनी पुढे, झपाझपा. रोज दोनदा तो या रस्त्याने जायचा आणि यायचा. घड्याळ मोजत होतं ते हेच चालणं. थर्मास आणि तुंबा निवासाच्या स्वयंपाकघरात असायचे, निबियाच्या नावाची चिठ्ठी लावून. नर्सने आम्हाला पाहताच पाणी तापवायला ठेवलं.

मागे अंगण आहे. मधोमध एक लिंबाचं झाड, भोवती फरसबंदी. हिवाळ्यातलं ऊन होतं. निबिया भिंतीपाशी खुर्चीत बसली होती. रोसाना वाकून तिच्या गालाचा मुका घेत होती, तेव्हा निबियाने पाहुणीकडे बघावं तसं पाहिलं. मग एल्बिओ स्वयंपाकघरातून बाहेर आला, डाव्या काखेत थर्मास दाबून, आणि ती उठली. तिने त्याचा उजवा दंड धरला.

दोघं लिंबाभोवती चालू लागली. त्याने ओतायचं, तिने प्यायचं आणि परत द्यायचं. मी आणि रोसाना बाकावर बसून बघत होतो. किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक, मोजणारं कुणी नव्हतं. ऊन झाडावरून भिंतीवर गेलं. तेवढ्यात आमच्यासमोरून जाताना त्याच्या मनगटावर गुरगुरलं. निबिया थबकली आणि घड्याळाकडे बघू लागली.

"काय म्हणतंय ते?" तिने विचारलं.

"फार वेळ बसलात म्हणतंय," एल्बिओ म्हणाला. "उठा, जरा चाला."

"चला मग," निबिया म्हणाली. त्याने तुंबा भरून तिच्या हातात दिला, आणि ती दोघं पुढच्या फेरीला निघाली.